ठेवते म्हटल्यावर

"परत लाव तिला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

इंजिनिअरनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "कुणाला?"

"आत्ता बोलत होती तिला. तिचं सांगून झालं नव्हतं."

इंजिनिअरनं स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनच्या मते सगळं झालं होतं. वरच्या गावातली बाई, पहिलटकरीण. बाळ दूध पितं आणि लगेच थोडं बाहेर काढतं, काळजीचं आहे का, हा प्रश्न. फोनवर उत्तरं देणाऱ्या मशीननं तिला बाळाला उभं धरायला, पाठीवरून हात फिरवायला सांगितलं होतं. कधी घाबरायचं आणि कधी नाही, तेही सांगितलं होतं. आणि हे सगळं तिच्याच बोलीत, ड्यूटी संपत आलेली कुठलीही नर्स बोलेल त्यापेक्षा गोडीनं. उत्तर बरोबर. समाधान झालं का, हो. मग बाई म्हणाली, "बरं, ठेवते मग," मशीन म्हणालं, "काळजी घ्या," आणि लाईन बंद. पुढे हिरवी खूण.

"सिस्टर, ती स्वतःच ठेवते म्हणाली."

"म्हणाली. पण ठेवला का तिनं?"

ठेवला नव्हता. ठेवला मशीननं होता. इंजिनिअरनं ते तपासून पाहिलं आणि नंबर फिरवायला घेतला, तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनीच त्याचा हात धरला. नको, राहू दे म्हणाल्या. आता फोन सासूच्या हातात गेला असेल.

मग त्यांनी त्याला जे सांगितलं, ते त्या खोलीतल्या तिघी नर्सना इतकं पाठ होतं की ते कुणाला सांगावं लागेल असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. वरच्या गावांत घराला फोन एक, आणि तो सुनेचा नसतो. ती फोन लावते तेव्हा शेजारी सासू बसलेली असते, नणंद असते, कधी सहज म्हणून आलेली शेजारीण असते. बाळाची उलटी हा चारचौघांत विचारण्याजोगा प्रश्न. तो विचारून झाला की ती मोठ्यानं "ठेवते" म्हणते. ते फोनला उद्देशून नसतं, खोलीला उद्देशून असतं. सासू गुडघ्यावर हात टेकून उठते, नणंद आत जाते. फोन अजून कानालाच असतो. आणि मग, अर्ध्या आवाजात, ती ज्यासाठी फोन केलेला असतो ते बोलते. अंगावरून फार जातंय. रात्रभर रडू येतं आणि का ते कळत नाही. बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, हे कुणाला सांगू नका.

"मग आमच्याकडे आलेल्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये हे कसं नाही?" इंजिनिअरनं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं, आणि मोठ्या कार्यालयातून आलेल्या माणसात हा गुण दिसल्यामुळे मोठ्या सिस्टर जरा वेळ त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"ते बटण आम्हीच बंद करायचो," त्या म्हणाल्या. "ठेवते म्हटलं की रेकॉर्डिंग बंद. पुढचं ऑफिसनं ऐकायचं नसतं."

हा नियम त्यांचाच होता. लाईन सुरू झाली त्या वर्षी त्यांनी तो हट्टानं करून घेतला होता आणि तेव्हाच्या साहेबांनी त्याबद्दल त्यांचं कौतुकही केलं होतं. मशीन शिकलं ते त्या रेकॉर्डिंगवरून. हजारो बायका, हजारो प्रश्न, आणि प्रत्येक कॉल संपतो "ठेवते" या शब्दाशी. मशीननं काही चूक केली नव्हती. चांगल्या घरातल्या मुलासारखं जे दिसलं ते उचललं होतं.

*

संस्था आंतरराष्ट्रीय होती, म्हणजे पैसे एका देशात जमत, धोरण दुसऱ्या देशात ठरे आणि पंखा बंद पडला की अर्ज तिसऱ्या देशात जाई. मात्र बाळंतिणींची ही फोनलाईन खरोखरच चालत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीन टेबलं, तीन हेडफोन आणि तीन नर्स. वरच्या गावांतल्या बायका त्यांना नावानं ओळखत नसत. मोठी, मधली आणि धाकटी, एवढंच. कारण एकदा कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही सख्ख्या बहिणी का, आणि मधलीनं कंटाळून हो म्हटलं होतं.

तिघींना मिळून लागणाऱ्या कॉलपेक्षा न लागणारे कॉल जास्त होते. म्हणून मशीन आलं. त्याचं कागदोपत्री नाव एवढं मोठं होतं की ते उच्चारेपर्यंत बाळ रांगायला लागलं असतं, म्हणून धाकटीनं त्याला शेंडेफळ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. संचालकसाहेब देणगीदारांच्या बैठकीत एकदा तेच नाव बोलून गेले आणि दुभाष्यानं त्याचं जे भाषांतर केलं त्यावरून फळबाग प्रकल्पाची चौकशी झाली.

आता अशा मशीनचा वापर जबाबदारीनं करायचा असतो. त्यासाठी संस्थेनं एक पुस्तिका काढली होती. मुखपृष्ठावर दोन हात, एक माणसाचा, एक यंत्राचा, मध्ये रोपटं. आत म्हटलं होतं की मशीन लोकांसाठी खुलं करण्याआधी एका जबाबदार माणसानं ते तपासून सही करावी. माणूस कोण, यावर बैठक झाली. सगळे एकमेकांकडे, मग बिस्किटांकडे बघू लागले. मोठ्या सिस्टर त्या वेळी ड्यूटीवर होत्या, आणि बैठकीला नसलेल्या माणसाची निवड एकमतानं होते हा सर्वच संस्थांचा अनुभव आहे. शिवाय त्यांनी आजवर कशालाच हरकत घेतलेली नव्हती. रेकॉर्डिंगचा तो जुना हट्ट आठवणारे साहेब केव्हाच बदलून गेले होते.

सही करण्यापुरतं निवडलेलं माणूस तपासायलाही लागेल, याची तरतूद पुस्तिकेत होती, कुणाच्या अंदाजात नव्हती.

मोठ्या सिस्टर तपासू लागल्या. शेंडेफळ चाचणीपुरते काही कॉल घेई, त्या आणि इंजिनिअर ऐकत बसत. आणि हे सांगायलाच हवं की त्या त्याच्यावर खूश होत्या. त्याला दोनदा तेच विचारलं तर ते वैतागत नसे. औषधाचं प्रमाण चुकत नसे. एका आजीबाईंनी त्याला नातवाची सगळी कुळकथा ऐकवली, तर ते शेवटपर्यंत ऐकून मुद्द्यावर आलं. "माझ्यानं झालं नसतं," मोठ्या सिस्टरांनी कबूल केलं. "मी मध्येच म्हटलं असतं, आजी, ताप किती आहे ते सांगा."

फक्त ते "ठेवते" म्हटल्यावर ठेवत होतं.

*

पहिला उपाय इंजिनिअरला सुचला. कॉल संपला की थोड्या वेळानं त्या नंबरवर मेसेज जाईल: आणखी काही सांगायचं राहिलं असेल तर निवांत असाल तेव्हा फोन करा. मोठ्या सिस्टरांनी मेसेज दोनदा वाचला, 'निवांत' हा शब्द त्यांना आवडला, आणि त्यांनी मान डोलावली. मेसेज पहिल्यांदा गेला तो त्या उलटीवालीलाच.

पुढच्या आठवड्यात लस द्यायला वर गेलेली बाई खाली आली आणि जिन्यातच मोठ्या सिस्टरांना भेटली. मेसेज नवऱ्यानं वाचला होता. मग सासऱ्यांनी वाचला. मग घरात सगळ्यांना वाचून दाखवण्यात आला. काय सांगायचं राहिलं होतं तुझं, असं तिला आधी सगळ्यांनी मिळून आणि मग एकेकट्यानं विचारलं. ती म्हणाली, काही नाही. काही नाही तर मेसेज का आला? तिला बाळासकट माहेरी पाठवलं होतं. फोन आता नवऱ्याच्या खिशात होता. माहेरच्या गावात टॉवर नव्हता.

मोठ्या सिस्टर वर आल्या आणि हेडफोन न लावता त्यांनी आधी इंजिनिअरला गाठलं. इंजिनिअरला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मेसेज माझ्या डोक्यातून निघाला, असं तो म्हणू लागला.

"डोक्यातून तुझ्या निघाला. मान माझी हलली," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला कळायला हवं होतं. फोन कुणाचा ते तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं."

मेसेज त्याच दिवशी बंद केला. ती बाई माहेरी बरी आहे, बाळ वजन धरतंय, एवढं लसवाल्या बाईकडून महिन्याभरानं कळलं. तिला काय सांगायचं होतं, ते मात्र कुणालाच कधी कळलं नाही.

*

सही होत नाही म्हटल्यावर संचालकसाहेबांनी मोठ्या सिस्टरांना वर बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना शांतता सहन होत नसे एवढंच. समोरचा माणूस विचार करायला थांबला की ते त्या जागेत एखादा आकडा भरत. त्यांनी सांगितलं की वर्षअखेरीला मशीन सुरू झालं नाही तर देणगीदार पैसे परत नेणार. मग मशीनही नाही आणि तुमची खोलीही नाही. पुढे त्यांनी जे विचारलं ते मात्र मोठ्या सिस्टर घरी जाईपर्यंत विसरू शकल्या नाहीत.

"सिस्टर, तुमच्या कॉलमध्ये शेवटी काय राहतं ते तुम्ही ऐकलंत. ज्यांचा फोन लागतच नाही त्यांचं काय राहतं, ते कोण ऐकणार?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, हे बरोबर आहे. साहेबांना एवढ्या लवकर होकाराची सवय नव्हती. त्यांनी लगेच पेन पुढे केलं.

"बरोबर आहे म्हणाले, सर. सही करते नाही म्हणाले."

साहेबांनी पेन मागे घेतलं आणि संध्याकाळपर्यंत संस्थेत पसरलं की मोठ्या सिस्टर खुर्ची वाचवतायत. खाली खोलीत याच्या उलट वारं होतं. मशीन लोकांसाठी खुलं झालं की तीन टेबलांची गरज उरत नाही, हे समजायला पुस्तिका वाचावी लागत नव्हती. साहेबांचा बेत असा होता की मशीनला न सुटणारे कॉल जिल्हा रुग्णालयाच्या नंबरवर जातील. तो नंबर उचलल्याचं कुणाच्याही ऐकिवात नव्हतं.

मधलीनं स्पष्टच विचारलं. "ताई, सहीच करू नका ना. त्याला कधीच जमणार नाही म्हणा. काय बिघडतं?"

"आणि जमलं तर?"

"तरी जमलं नाही म्हणा."

धाकटीला घरी जुळी होती, आणि ज्यांना घरी जुळी असतात त्यांना मत बनवायलाही झोप पुरत नाही. पण तिनं मोठ्या सिस्टरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मधलीच्या बोलण्यापेक्षा जड होती.

घरी मोठ्या सिस्टरांच्या यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. एके काळी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. गल्लीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनी सरळ केली होती. मग संगणक आले आणि एका वर्षात क्लासमध्ये फक्त मशिनं आणि ते उरले. त्यांनी त्यावर कधी फार कढ काढला नाही. मशिनं भंगारात गेली तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, झाकणं तरी ठेवा, धुळीला बरी पडतात.

"आधी मशीननं मला घरी बसवलं," ते म्हणाले. "आता तुला बसवेल. जोडीनं बसू."

"तुम्हाला त्या वेळी कुणी सही मागितली असती तर?"

यजमानांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला. "संगणक चांगलंच टाईप करत होता गं," ते म्हणाले. "खोटं कसं बोलणार?"

*

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर इंजिनिअरला म्हणाल्या, याला गप्प बसायला शिकवता येतं का?

इंजिनिअर हसला, मग हसायचा थांबला. शेंडेफळाला जगातलं जवळजवळ सगळं बोलता येत होतं. गप्प बसणं मात्र कुणी शिकवलंच नव्हतं. समोरून आवाज आला नाही की ते विचारी, "आपण लाईनवर आहात का?" परत नाही आला की म्हणे, "मी आपल्याला आणखी कशी मदत करू शकते?" त्या अर्ध्या अंधाऱ्या खोलीत, कानाशी फोन धरून सासूच्या पावलांचा अंदाज घेणाऱ्या पोरीच्या कानात हे मोठ्यानं वाजलं म्हणजे संपलंच.

आधी नुसतं थांबवून पाहिलं. किती थांबायचं? इंजिनिअरनं सेकंद विचारले. मोठ्या सिस्टरांना सेकंदात सांगता येईना. "मी काही मोजत नव्हते. खोली रिकामी होईपर्यंत थांबायचं."

"खोली रिकामी झाली हे कसं कळतं?"

"ऐकू येतं."

आणि इथं एक गंमत झाली. इंजिनिअरनं त्यांना काही आवाज ऐकवले. त्यासाठी त्यानं बायकांचा एकही कॉल वापरला नाही. संस्थेच्याच माणसांना स्वयंपाकघरात, व्हरांड्यात, भांड्यांच्या गर्दीत बसवून, उठवून, चालवून रेकॉर्ड केलं. संचालकसाहेबांच्या ड्रायव्हरनं सासू झकास केली. मोठ्या सिस्टर ऐकून सांगत, आता गेली, आता नाही गेली. मशीनही सांगे. आणि मोठ्या सिस्टर चुकत होत्या. दार लोटल्याचा हलका आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. इतकी वर्षं डाव्या कानावर हेडफोन चढवून तो कान कधी बसला होता, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. शेंडेफळाला दार ऐकू येत होतं. चपलेत पाय सरकवल्याचं ऐकू येत होतं.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे गेली काही वर्षं मी सासू जायच्या आतच बोलतं करत असेन कुणाकुणाला," त्या म्हणाल्या.

इंजिनिअर म्हणाला, तसं काही नसेल. त्या म्हणाल्या, असेल. आणि मग, "बरं झालं. याचे कान चांगले आहेत," असं त्या ज्या सुरात म्हणाल्या तो सूर धाकटीच्या पहिल्या महिन्यात धाकटीबद्दल वापरलेला होता. मधलीनं मान वर केली आणि परत खाली घातली.

इंजिनिअरलाही एक शंका होती, आणि ती त्यानं आपणहून काढली. लोकांच्या घरातली पावलं ऐकणारं मशीन ही काही फार सभ्य गोष्ट नव्हे. म्हणून त्यानं ते असं बसवलं की ठेवते म्हटल्यानंतरचं काहीही साठणार नाही. पावलं नाहीत, दार नाही, बाईचा शब्दही नाही. ऐकायचं आणि विसरायचं. त्यामुळे पुढे मशीनला त्यातून काही शिकता येणार नव्हतं आणि मोठ्या कार्यालयातले त्याचे वरिष्ठ यावर नाराज होणार होते. ते मी बघतो, तो म्हणाला. नंतर खरंच त्यानं ते बघितलं, आणि त्याची बढती एक वर्ष पुढे गेली, हे खोलीत कुणाला कळलं नाही.

राहिला प्रश्न शेवटचा. खोली रिकामी झाली, बाई बोलली, पुढे काय? इथं मोठ्या सिस्टर अडून बसल्या. बाळाची उलटी मशीननं सांगावी. पण 'मला जगावंसं वाटत नाही' हे पहिल्यांदा बोलणाऱ्या बाईला उत्तर मशीननं द्यायचं नाही. तिथं माणूस लागेल. जिल्हा रुग्णालयाचा नंबर नव्हे, माणूस. त्याच्यासाठी खुर्ची लागेल.

"आलं खुर्चीवर," संचालकसाहेब म्हणाले. त्यांनी बैठकीत इतरांकडे असं पाहिलं की जणू पैज जिंकले. मग तक्ता उघडून सरासरी कॉल किती लांबेल, खर्च किती वाढेल ते वाचून दाखवलं. ते बोलत होते तोवर मोठ्या सिस्टर थांबल्या. ते थांबले तरी त्या थांबल्या. साहेबांनी ती जागा भरायला एक आकडा सांगितला, मग दुसरा, मग आकडे संपले.

"दिवसाला एक आणि रात्रीला एक," साहेब म्हणाले. "दोन खुर्च्या. तिसरी निघणार नाही."

"चालेल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मधली आणि धाकटी. धाकटीला रात्र नको, जुळी आहेत, तर त्या दोघी आपसात ठरवतील."

साहेबांना हिशेब लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा त्यांनी तक्ता मिटला, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ते पुढे काही बोलले नाहीत.

मोठ्या सिस्टरांनी सही त्याच दिवशी केली नाही. आधी चालतंय का ते बघू म्हणाल्या.

*

बघितलं ते एका मंगळवारी दुपारी. खोलीत तिघी, इंजिनिअर आणि दारात साहेब. मधली भिंतीकडे तोंड करून बसली होती. कोणती खुर्ची जाणार हे तिला कळल्यापासून ती मोठ्या सिस्टरांशी बोलत नव्हती. आधी रागानं बोलत नव्हती, आता काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून.

कॉल आला. कुठल्याशा गावची कुणीतरी बाई. बाळाच्या नाळेजवळ लालसर दिसतंय. शेंडेफळानं विचारायचं ते विचारलं, सांगायचं ते सांगितलं, उद्या आरोग्यकेंद्रात दाखवा म्हणालं. मागे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं, कुणीतरी भांडी आवरत होतं. बाई म्हणाली, कळलं. बाई म्हणाली, "बरं, ठेवते."

"काळजी घ्या," शेंडेफळ म्हणालं. आणि थांबलं.

स्क्रीनवर काही हलत नव्हतं. भांड्यांचा आवाज चालू होता. मग तो थांबला. म्हातारं माणूस खोकत खोकत लांब गेलं. मोठ्या सिस्टरांना त्यानंतर काहीच ऐकू येईना. इंजिनिअरनं हातानं खूण केली, दार. शेंडेफळ तरीही बोललं नाही. नुसती लाईन चालू असल्याची बारीक खरखर. साहेबांनी दारात तोंड उघडलं, आणि मोठ्या सिस्टरांनी मागे न बघता एक बोट वर केलं. साहेबांनी तोंड मिटलं. असा किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, कारण शेंडेफळानं ते कुठं नोंदलेलं नाही.

"आहात का?" पलीकडून आलं. इतकं हळू की इंजिनिअरनं आवाज वाढवायला हात पुढे केला आणि मोठ्या सिस्टरांनी तो खाली दाबला.

"आहे," शेंडेफळ म्हणालं, तेवढ्याच हळू. "मी मशीन आहे. इथं एक सिस्टर आहेत, बाईमाणूस. त्यांच्याशी बोलता?"

पलीकडे काही नाही. मग, "हं."

मधलीनं हेडफोन ओढून घेतला. टेबल खरं धाकटीचं होतं, ड्यूटी धाकटीची होती, पण मधली जवळ होती. ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "बोल बाळा. मी एकटीच आहे."

मोठ्या सिस्टरांनी इंजिनिअरच्या कानावरचा हेडफोन आपल्या हातानं उतरवला. स्वतःचा उतरवला. ऑफिसनं ऐकायचं नव्हतं. मग साहेबांच्या हातातला सहीचा कागद घेतला, त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून सही केली, तारीख घातली, आणि त्यांना खुणेनंच सांगितलं की बाहेर चला, इथं बोलू नका.

साहेब जिन्यात त्यांच्याबरोबर दोन पायऱ्या उतरले. देणगीदारांच्या कार्यक्रमाला तुम्ही यायचं आहे, व्यासपीठावर, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, बघते. यजमानांचा चष्म्याचा नंबर तपासायचा होता आणि आज जरा लवकर सुटता येत होतं.

खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी एकदा वर पाहिलं. खोलीचं दार लोटलेलं होतं. धाकटी बाहेर जिन्याच्या कठड्याशी उभी होती, आत जायला धजत नव्हती. मधली अजून बोलत होती, किंवा बहुधा बोलत नव्हती, ऐकत होती.